हिवतापाच्या पुनरागमनाची जोखीम (श्रीलंका)

स्थानिक प्रसार थांबलेल्या देशात प्रवाशांमार्फत हिवताप (मलेरिया) पुन्हा रुजण्याची शक्यता मोजण्याची पद्धत. श्रीलंकेत शेवटचा स्थानिक रुग्ण ऑक्टोबर २०१२ मध्ये आढळला. सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश हिवतापमुक्त जाहीर केला. पण रोग गेला, डास गेला नाही.

मोजमापात मुख्यतः दोन गोष्टी पाहतात: बाहेरून परजीवी घेऊन किती माणसे येतात, आणि त्या ठिकाणचे डास व हवामान प्रसाराला कितपत पोषक आहे. या दोहोंची बेरीज नव्हे, गुणाकार करायचा असतो. विमानतळाशेजारच्या शहरात रुग्ण बरेच उतरले, पण रोगवाहक डासच नसला, तर धोका जवळपास शून्य. उलट कोरड्या पट्ट्यातल्या, नदी आटल्यावर पात्रात डबकी साचणाऱ्या गावात एक आजारी मजूरही पुरेसा. ‘अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस’ हा तिथला मुख्य वाहक अशाच डबक्यांत वाढतो. म्हणून देशाला एकच आकडा चिकटवून भागत नाही.

श्रीलंकेचा हा हिशेब एकदा चुकलेला आहे. १९६३ मध्ये देशभरात अवघे १७ रुग्ण उरले होते आणि त्यांतले ११ बाहेरून आलेले होते. फवारणी थांबली, देखरेख ढिली पडली. १९६७ च्या अखेरीस साथ भडकली आणि १९६९ मध्ये रुग्णसंख्या पाच लाखांवर गेली.

आता येणारे रुग्ण प्रामुख्याने भारत आणि आफ्रिकी देशांतून येतात: यात्रेकरू, व्यापारी, मजूर, शांतिसेनेतून परतलेले जवान. ‘व्हायव्हॅक्स’ प्रकारात परजीवी यकृतात महिनोन्‌महिने दडून राहतो, त्यामुळे विमानतळावर ताप तपासून तो सापडेलच असे नाही. डिसेंबर २०१८ मध्ये मोनरागला जिल्ह्यात एका परदेशी मजुराकडून डासामार्फत स्थानिक माणसाला लागण झाली. २०१२ नंतरची अशी ती पहिलीच घटना. तिला पुनरागमन म्हणत नाहीत. त्यासाठी एकाच ठिकाणी, एकाच जातीच्या परजीवीचे, वर्षाला किमान तीन स्थानिक रुग्ण सलग तीन वर्षे सापडावे लागतात. प्रशासनाने एवढी वाट पाहणे अर्थातच परवडणारे नाही. पहिल्याच रुग्णाभोवती तपासण्या आणि डासांचा शोध सुरू होतो.

जोखमीत नवी भर पडली ती ‘अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्साय’ या डासाची. मुंबईकरांच्या गच्चीवरील टाक्यांमधला हा जुना पाहुणा २०१६ च्या अखेरीस श्रीलंकेच्या उत्तरेकडील मन्नारमध्ये प्रथम आढळला. तो विहिरी आणि साठवलेल्या पाण्यात वाढतो, त्यामुळे ‘शहर म्हणजे सुरक्षित’ हे जुने गणित त्याने मोडले.

नकाशात न दिसणारा घटक डॉक्टरांच्या विस्मरणाचा. हिवताप कधी पाहिलाच नाही अशी तरुण पिढी दवाखान्यात बसली, की तापाच्या रुग्णाला आधी डेंगीची तपासणी लिहून दिली जाते. निदानाच्या त्या उशिरात डास चावण्याची संधी वाढते. म्हणून हिवतापविरोधी मोहिमेचे कर्मचारी ‘अलीकडे कुठे प्रवास केला होता?’ हा प्रश्न डॉक्टरांनी विसरू नये, यासाठी झटतात आणि जोखमीच्या देशांत जाणाऱ्यांना प्रतिबंधक गोळ्या मोफत देतात.