‘आधी कुणी केलं नाही’ म्हणजे पेटंट पक्कं?

वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: ग्राहकांना पॉइंट देणारी एखादी योजना हुबेहूब तशीच आधी कुणी आणली नसेल, तर अमेरिकेत तिचं पेटंट मिळतंच, नाकारलं तरी अपिलात मिळतं.

असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण नवेपणाची अट खरीच आहे. ती अमेरिकी पेटंट कायद्याच्या कलम 102 मध्ये आहे. पण कलम 103 पुढचा प्रश्न विचारतं: अर्जाच्या तारखेआधी त्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण जाणकाराला हे सहज सुचलं असतं का?

समजा, एका जुन्या दस्तऐवजात खरेदीवर पॉइंट देण्याची पद्धत आहे, दुसऱ्यात शिल्लक मोबाइलवर कळवण्याची. अर्जात दोन्ही एकत्र आहेत. तंतोतंत असं कुठेच नाही, म्हणजे नवं. तरीही ते जोडायला जाणकारापाशी ठोस कारण होतं असं दिसलं, तर अर्ज फेटाळला जातो. अपिलातला वाद बहुधा या कारणावरच रंगतो. उत्तर कळल्यावर सगळंच सोपं वाटतं, हा धोका खरा आहे. म्हणून परीक्षकाला ‘हे उघडच आहे’ एवढं म्हणून भागत नाही, कारण मांडावं लागतं. योजना बाजारात चालली हा पुरावाही विचारात घेतात, मात्र ते यश दाव्यातल्या, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागितला आहे त्या, वैशिष्ट्यामुळे आलं, जाहिरातीमुळे नव्हे, हे दाखवावं लागतं.

कलम 101 मधला अमूर्त कल्पनांचा अडथळा, म्हणजे निव्वळ अमूर्त कल्पनेला पेटंट मिळत नाही हा नियम, वेगळाच.

पडताळायचं असेल, तर प्रसिद्ध झालेल्या अर्जाची फाइल ऑनलाइन खुली असते. नकारपत्रात 102 आहे की 103 ते पाहा, सारांश सोडून थेट दावे वाचा आणि उल्लेखलेले जुने दस्तऐवज दाव्याच्या एकेका ओळीशी ताडून बघा.