बाळाचं वजन कधी ठरतं?

बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं की घरातल्यांपासून नर्सबाईंपर्यंत सगळे आईलाच विचारतात. नीट जेवत नव्हतीस का? गोळ्या टाकून दिल्यास का? मिश्री लावत होतीस ना? हे प्रश्न निराधार नाहीत. पण आईची तब्येत आणि बाळाचा जन्म यांचं नातं गेल्या शंभर वर्षांत जसं उलगडत गेलं, ते पाहिल्यावर वाटतं की हे प्रश्न फार उशिरा विचारले जातात आणि एकट्या आईला विचारले जातात. या शोधाचा मोठा भाग मुंबईत आणि पुण्याच्या आसपास घडला आहे, म्हणून तो मराठी वाचकाला ठाऊक असायला हवा.

अडीच किलोची रेघ फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो उल्प्यो यांनी १९१९ मध्ये सुचवली, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं ती स्वीकारली. त्याआधी वैद्यकातली सर्वसाधारण समजूत अशी होती की आईनं काही खाल्लं-न खाल्लं तरी गर्भ त्याला हवं ते तिच्या अंगातून काढून घेतो. हॅम्बुर्गचे लुडविग प्रोखोवनिक यांनी तर १८८९ मध्ये अरुंद कटीच्या गरोदर स्त्रियांसाठी मुद्दाम कमी आहार सुचवला होता. बाळ लहान राहावं आणि सुटका सोपी व्हावी, हा हेतू. आपल्याकडे खेड्यांत 'फार खाऊ नको, बाळ मोठं झालं तर अडशील' असं सांगितलं जातं त्यामागे हीच भीती आहे. सिझेरियनची सोय जवळपास नसेल तिथे ती भीती खोटी म्हणता येत नाही. अडलेल्या बाळंतपणात बाई दगावलेली ज्या घरानं पाहिली, त्या घरातली सासू सुनेच्या ताटातली भाकरी कमी करते ती दुष्टपणानं नव्हे.

या समजुतीला पहिला मोठा धक्का मुंबईत बसला. १९२० च्या दशकात शहरातल्या कापड गिरण्यांमध्ये हजारो बाया काम करत होत्या, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. गरोदरपणात त्यांच्यातल्या अनेकींना भयंकर पंडुरोग होई. रक्त इतकं उतरे की बाळंतपणात जीव जाई. डॉ. मार्गारेट बाल्फोर मुंबईतल्या मातामृत्यूंच्या मुळाशी जाऊ पाहत होत्या. त्यांच्या सांगण्यावरून १९२८ मध्ये इंग्लंडहून डॉ. ल्युसी विल्स आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू झालं. विल्स यांनी आधी जंतूंचा संशय तपासला, मग बायांच्या खाण्याकडे वळल्या. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांनाच हा आजार सर्वाधिक, हे त्यांच्या लक्षात आलं. मुंबईच्या गरीब बायांचंच अन्न त्यांनी उंदरांना दिलं, पुढे माकडांवर प्रयोग केले. शेवटी ज्यानं गुण आला ती गोष्ट अगदी स्वस्त निघाली: यीस्टचा अर्क, मार्माइट. रुग्ण बायांना तो दिल्यावर थोड्याच दिवसांत रक्त भरू लागलं. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे कळायला आणखी दहा वर्षं लागली. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा काढला गेला, आणि १९४५ च्या सुमारास लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं तो कृत्रिमरीत्या बनवला. आज प्रत्येक गरोदर बाईच्या हातात पडणारं फॉलिक ॲसिड ते हेच.

हाफकिनमध्ये हे चालू असताना मुंबईच्या कायदे मंडळात याच बायांचा विषय वेगळ्या वाटेनं आला होता. गिरणी कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या काळात भत्ता मिळावा यासाठीचं विधेयक १९२८ मध्ये चर्चेला आलं. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदे मंडळात केलेला तसा प्रयत्न फसला होता. मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलावा हे त्यांना मान्य होतं, पण स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, तेव्हा त्यानंही भार घ्यायला हवा, असंही ते म्हणाले. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. मला हे दोन्ही प्रयत्न एकाच कामाचे दोन हात वाटतात. विल्स यांनी बाईच्या ताटात काय कमी आहे ते शोधलं. कायद्यानं तिला कामावरून थोडं बसू दिलं. पुढच्या काळात पहिला हात बळकट झाला आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गर्भाशयात बाळ बाहेरच्या जगापासून सुरक्षित असतं हा समजही याच सुमारास मोडत गेला. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी गरोदरपणी रुबेला झालेल्या आयांच्या बाळांना मोतीबिंदू होतो हे दाखवलं. १९६१ मध्ये गरोदरपणी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाचे बाळांवर होणारे भीषण परिणाम जगासमोर आले. १९७३ मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी गरोदरपणातल्या दारूमुळे बाळात होणाऱ्या विकृतींना एकत्र नाव दिलं.

उपासमारीचा सर्वांत कडवा पुरावा नेदरलँड्सचा आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम भागातल्या लोकांचं रोजचं शिधावाटप हजार कॅलरींच्याही खाली गेलं. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि अन्न पुन्हा मिळू लागलं. उपासमार कधी सुरू झाली आणि कधी संपली हे नेमकं माहीत असल्यामुळे कोणत्या महिन्यात आई उपाशी होती हे संशोधकांना ठरवता आलं. शेवटचे तीन महिने उपाशी राहिलेल्या आयांची बाळं साधारण ३०० ग्रॅमनं हलकी जन्मली. सुरुवातीच्या महिन्यांतच उपासमार झाली आणि नंतर अन्न मिळालं, त्यांची बाळं जन्मतः नेहमीच्या वजनाची होती. पण मोठेपणी त्यांच्यात हृदयविकार जास्त दिसला. म्हणजे जन्मवेळचा काटा सगळं सांगत नाही. साउथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात हाच धागा इंग्लंडमधल्या जुन्या नोंदींत पकडला. हर्टफर्डशरच्या सुईणी आणि आरोग्य सेविकांनी १९११ पासून प्रत्येक बाळाचं वजन वहीत लिहून ठेवलं होतं. ती बाळं साठी-सत्तरीला पोचल्यावर हलक्या वजनाच्यांत हृदयविकाराचे मृत्यू अधिक आढळले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाच्या अंगानं याच प्रश्नाशी झगडत होते. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मोठा अभ्यास सुरू झाला. त्याचं वैशिष्ट्य असं की मोजमापं दिवस राहण्याच्या आधीपासून घेतली गेली. या बाया शेतकरी घरांतल्या. सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, वजन जेमतेम ४२ किलो. गरोदरपणी रोजचं खाणं साधारण १८०० कॅलरींचं. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, तर साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण कातडीखालची चरबी मोजली तेव्हा डॉक्टर चक्रावले. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळांइतकी राखलेली. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीचं असं हे बाळ पुढे मधुमेहाकडे का झुकतं, याचं उत्तर तिथे दिसू लागलं.

आणखी दोन निष्कर्ष मला तितकेच महत्त्वाचे वाटतात. आईनं किती कॅलरी आणि किती प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं याचा दिसला. दुसरा निष्कर्ष कष्टांचा. आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी बायांची कामं मोजली: शेतातली, धुणं धुण्याची, पाणी भरण्याची. ज्यांचे कष्ट जास्त, त्यांची बाळं लहान. आता कळशीनं पाणी आणणं ही काही कोणाची सवय नव्हे. नळ दारात नाही म्हणून ते काम आहे, आणि सातव्या-आठव्या महिन्यातही ते चुकत नाही.

मिश्री ही मात्र खरोखर सवय आहे, आणि तिच्याबद्दल मऊ बोलून चालणार नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांवर, हिरड्यांवर घासायची. सिगारेटमुळे बाळं लवकर जन्मतात हे कॅलिफोर्नियातल्या विनिआ सिम्पसन यांनी १९५७ मध्ये दाखवलं होतं. पण आपल्याकडे बाया सिगारेट ओढत नाहीत म्हणून हा प्रश्न आपला नाही, असं बराच काळ मानलं गेलं. २००४ मध्ये प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या १२१७ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मिश्री किंवा इतर तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली होती. त्यानंतरच्या अभ्यासात मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीचपटीहून अधिक दिसला. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं. वारेतून बाळाला पोचणारं रक्त कमी होतं. तरीही दात दुखतो, पोट साफ होत नाही, मळमळ थांबते, भूक मरते अशा कारणांनी ही सवय पिढ्यान्‌पिढ्या आईकडून मुलीकडे जाते. दातांचा दवाखाना आणि दोन वेळचं पुरेसं जेवण या बायांच्या आवाक्यात असतं, तर ती इतकी टिकली नसती असं मला वाटतं.

पुण्याच्या निष्कर्षांची परीक्षा मुंबईच्या वस्त्यांमध्ये झाली. डॉ. रमेश पोतदार आणि साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रयोग सुरू केला. साडेसहा हजार स्त्रियांचे दोन गट. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला तळलेला पदार्थ, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. खाणं सुरू झालं दिवस राहण्याच्या आधी आणि चालू राहिलं बाळंतपणापर्यंत. एकूण वजनात फरक पडला जेमतेम २६ ग्रॅमचा, जो संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. पण गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून जिनं खाल्लं, तिच्या बाळात तो ४८ ग्रॅम झाला. गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ वर आला. आणि मनाला लागणारी गोष्ट अशी की बाळाच्या वजनातला फायदा अंगानं बऱ्या असलेल्या बायांनाच झाला. अगदी कृश बायांच्या बाळांचं वजन वाढलंच नाही. बहुधा त्यांच्या शरीरानं मिळालेलं अन्न आधी स्वतःची झीज भरायला वापरलं. लहानपणापासूनची उपासमार काही महिन्यांच्या खाऊनं भरून निघत नाही.

फॉलिक ॲसिडची पुढची गोष्टही हेच सांगते. १९९१ मध्ये सात देशांतल्या चाचणीनं दाखवलं की ज्यांना आधी मज्जारज्जूचा दोष असलेलं बाळ झालं आहे, त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून ही गोळी घेतली तर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं. गर्भाची मज्जानलिका, जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, २८ व्या दिवसाच्या सुमारास बंद होते. त्या वेळी पुष्कळ बायांना दिवस राहिल्याचा पत्ताही नसतो. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवून लाल गोळ्या हातात येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

आपल्याकडे गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक ॲसिड देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये आला, १९७५ मध्ये अंगणवाड्या, २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांसाठी गरम जेवण देणारी अमृत आहार योजना, २०१७ मध्ये पंतप्रधान मातृवंदना. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होतं. महाराष्ट्रात विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या, जवळपास २२ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. या मुलींची स्वतःची वाढ पुरी होण्याआधीच त्यांच्यावर बाळंतपण येतं.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांत एक गोष्ट आणखी निघाली होती. जवळजवळ दोनतृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं, कारण ते दूध, अंडी, मांस यांतून मिळतं आणि या घरांत ते कधीमधीच खाल्लं जातं. बी-१२ कमी आणि फॉलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचंच जीवनसत्त्व, जास्त असलेल्या आयांची मुलं सहाव्या वर्षी तपासली, तेव्हा त्यांच्यात चरबी आणि शरीरानं इन्सुलिनला न जुमानण्याचं, म्हणजे मधुमेहाकडे झुकण्याचं, प्रमाण अधिक दिसलं. म्हणून २०१२ मध्ये याज्ञिक यांच्या चमूनं वेगळी सुरुवात केली. त्या अभ्यासात जन्मलेली मुलं-मुली आता वयात आली होती. त्यांनाच, लग्नाच्या आधी, बी-१२ च्या गोळ्या द्यायला घेतलं. सरकारी शाळांत मुलींना दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत मात्र अजून लोह आणि फॉलिक ॲसिडच आहे.