कुठलं बोट बधिर होतं, ते आधी बघा

जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, सिग्नल लागला की उजवा हात बाइकच्या हँडलवरून काढायचा आणि थर्मामीटर झटकतात तसा झटकायचा, ही माझी दोन वर्षांची सवय. कांजूरमार्ग ते अंधेरी एवढ्या प्रवासात करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्याच. मित्राने सल्ला दिला, फोमच्या जाड ग्रिप लाव. लावल्या. करंगळी होती तशीच राहिली, वर कोपराखालचा स्नायू भरून यायला लागला. पंजा लहान आणि ग्रिप जाड असली की मूठ पूर्ण वळत नाही, आणि तेवढीच पकड ठेवायला जास्त जोर लागतो. म्हणजे पैसे देऊन दुखणं वाढवलं.

खरं तर करंगळी तक्रार स्पष्ट शब्दांत करत होती, मला ती भाषा येत नव्हती एवढंच. हाताच्या पंजाला संवेदना पुरवणाऱ्या दोन मुख्य नसा तळव्याच्या बाजूने येतात. अल्नर नस करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची अर्धी बाजू सांभाळते. ती तळहाताच्या करंगळीकडच्या गादीखालून, बऱ्यापैकी उथळ जाते. धडाचा भार तळहातावर पडला की तीच आधी दबते. दुसरी मीडियन नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग तिचा. ती मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते आणि त्याच बोगद्यात बोटं वळवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) असतात. सकाळी पावणेनऊची फास्ट लोकल आठवा. मनगट वर किंवा खाली जास्त वाकलं की या डब्यातला दाब वाढतो.

तेव्हा साधा हिशेब असा: करंगळी बधिर होत असेल तर बहुधा हँडल लांब किंवा खाली आहे आणि तुम्ही त्यावर रेलताय. अंगठ्याकडची बोटं बधिर होत असतील तर संशय मनगटाच्या वाकण्यावर, म्हणजे क्लच-ब्रेकच्या लिव्हरच्या कोनावर घ्यायचा. (रात्री झोपेतही मुंग्या येत असतील तर मात्र मेकॅनिक नव्हे, डॉक्टर.)

पण पुढे झुकून बसायच्या गाड्या बनवतातच कशाला? कारण वारा. शंभरच्या वेगाने जाताना वारा छातीला मागे रेटतो आणि पुढे झुकलेलं धड त्यावर जवळजवळ टेकतं, मनगटं मोकळी राहतात. वाऱ्याचा हा रेटा वेगाच्या वर्गाने बदलतो. ताशी 100 वरून 20 वर आलात की तो पंचविसाव्या हिश्श्यावर येतो. आता आपल्याकडे छातीला वारा लागेल असे रस्ते म्हणजे सी लिंक, कोस्टल रोड आणि अटल सेतू, आणि तिन्हीकडे दुचाकीला बंदी! राहिला साकीनाक्याचा ट्रॅफिक. तिथे वारा टेकू देत नाही, सगळं वजन तळहातांवर.

म्हणून उंच हँडल घ्यावं, तर तेही जपून. पाठ अगदी ताठ झाली की खड्ड्याचा दणका सीटवरून थेट माकडहाडात आणि कण्यात चढतो. धड किंचित पुढे असेल तर कंबरेतून थोडं लवता येतं. हात खांद्याच्याही वर जातील अशा हँडलबद्दल मी बोलतच नाही, छतावरचा पंखा पुसताना हात किती वेळ टिकतात ते आठवा.

दुकानात सगळे उंची विचारतात, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हँडलची टोकं मागे किती वळलीत ती. दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल धरा, डोळे मिटा, हात सैल सोडून समोर आणा. पेन्सिली एका सरळ रेषेत येत नाहीत, बाहेरची टोकं थोडी तुमच्याकडे वळलेली असतात. दांडा अगदी सरळ असेल तर एक तर मनगट अंगठ्याच्या बाजूला मुरडतं, नाही तर कोपरं बाहेर काढावी लागतात. आणि रिक्षा आणि बस यांच्यामधून निघताना कोपरं बाहेर कोण काढणार? रुंद हँडल वळवायला हलकं, कारण तरफेची भुजा मोठी. पण शहरात मला आरशांची टोकं जाऊ शकतील एवढंच हवं.

लिव्हरचा प्रयोग तर फुकट. मनगट पूर्ण खाली वाकवा आणि मूठ आवळा. आवळत नाही ना? बोटं वळवणारे स्नायू आधीच आखडलेले असतात, त्यांना आणखी ओढायला वाव नसतो. कोपर ते बोटं एका रेषेत येतील असा लिव्हर फिरवला की तोच क्लच हलका वाटतो. मी एकदा वाटेत क्लच किती वेळा दाबतो ते मोजायला घेतलं, शंभरानंतर सोडून दिलं.

शेवटी एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मेन स्टँडवर लावली, डोळे मिटून बसलो आणि हात जिथे आपसूक येतील तिथे थांबवले. वॉचमनकाकांनी फूटपट्टी लावून सांगितलं, "दादा, चार सेंटीमीटर कमी पडतायत." हँडल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल मागे फिरवलं, त्यात अर्धं अंतर भरून निघालं. उरलेल्यासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जास्त मागे वळलेलं हँडल आणलं. दांडा बहुतेक गाड्यांसारखाच 22 मिलिमीटरचा, त्यामुळे स्विच आणि लिव्हर तसेच बसले. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतला तपशील मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल चालत नाही. म्हणून भलतं काही बसवण्याआधी आरटीओ आणि विमावाले, दोघांना विचारलेलं बरं.

बसवून देणाऱ्या गॅरेजवाल्याने एक गोष्ट केली नाही आणि ती मला घराजवळच्या यू-टर्नला कळली. हँडल पूर्ण उजवीकडे नेलं तशी इंजिनाची घरघर आपोआप चढली. थ्रॉटलची केबल ताणली जात होती. घाबरून क्लच दाबला म्हणून निभावलं. केबलचा मार्ग बदलून घेतला, मग गाडी स्टँडवर चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा फिरवलं. काका टॅकोमीटरच्या, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे बघत उभे होते. काटा हलला नाही.