जुन्या कॅम्पर व्हॅनचं इंजिन बदलताना: आरटीओची परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

कॅम्पर व्हॅनचं, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या व्हॅनचं, इंजिन खाली उतरवायच्या आधी आरटीओत अर्ज करायचा, हा सरळ क्रम आहे. पण बहुतेक जण काम उरकून टाकतात आणि गाडी सुरू झाली की मग "आरसीचं (नोंदणी प्रमाणपत्राचं) बघू" म्हणतात. तिथेच घोळ होतो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचे तपशील आणि उत्पादकाने मूळ ठरवलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून आधी आरसी नीट वाचा. इंजिन क्रमांक, चॅसी क्रमांक, इंधन, सिलिंडर, सीसी, आसनं, वजन आणि वाहनाचा वर्ग एवढं त्यात असतं. गिअरबॉक्सचा क्रमांक कुठेच नसतो, आणि तो नसल्यामुळे अर्धं काम सोपं होतं. त्याच मॉडेलचा दुसरा गिअरबॉक्स बसवला तर आरसीतलं काहीच बदलत नाही. पक्कं बिल जपून ठेवलं की झालं. कायद्याच्या लेखी बदल म्हणजे वाहनाच्या रचनेत असा फेरफार, की ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. चारऐवजी पाच गिअरचा बॉक्स बसवण्यासाठी चॅसीचा क्रॉस मेंबर (सांगाड्याची आडवी पट्टी) कापावा लागत असेल, तर गोष्ट या व्याख्येच्या फार जवळ जाते. वेल्डिंगचा प्रश्न आला की मोटार वाहन निरीक्षकाला आधी विचारून घ्या, असं माझं मत.

इंजिनाचं तसं नाही. त्याचा क्रमांक ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धातूच्या ठोकळ्यावर, कोरलेला असतो. हेड, पिस्टन, क्रँक, नोझल काहीही बदला, ब्लॉक तोच असेल तर क्रमांकही तोच राहतो आणि अर्जाची गरज पडत नाही. जुन्या गाडीसाठी फुल ओव्हरहॉल हा कागदोपत्री सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि मिस्त्री चांगला असेल तर टिकाऊही.

ब्लॉकच गेला असेल तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन शोधा. ही परवानगी मिळण्याजोगी असते, कारण सीसी, इंधन, सिलिंडर सगळं जुळतं आणि फक्त क्रमांक बदलतो. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमधलं २.४ लिटरचं इंजिन काढून नव्या पिढीचं २.६ लिटरचं कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने डिझेल फवारणारं) इंजिन बसवायचं म्हटलं, की सीसी बदलते, वायरिंग आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कंट्रोल युनिट) येतं, उत्सर्जनाचा प्रश्न उभा राहतो. कंपनी तीच असली तरी प्रकार वेगळा झाला. अशा अर्जावर होकाराची आशा धरून इंजिन आधीच विकत घेऊ नका. इंधन बदलायचं असेल तर सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटला कायद्यात वाट आहे. किट अधिकृत केंद्रातूनच बसवावं लागतं. "पेट्रोल काढून डिझेल टाकू" याला ती वाट लागू नाही.

परवानगीशिवाय इंजिन बदलण्याची मुभाही कायद्यात आहे, पण ती किमान दहा परिवहन (भाड्याने किंवा व्यवसायासाठी चालणारी) वाहनं असलेल्या आणि राज्य सरकारने तसा अधिकार दिलेल्या मालकांना, तेही त्याच कंपनीच्या आणि प्रकारच्या इंजिनापुरती. एका व्हॅनच्या मालकाला तिचा उपयोग नाही.

कॅम्परवाल्यांसाठी आणखी एक मेख आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा बिगर-परिवहन वाहनांतला स्वतंत्र वर्ग आहे. भाड्याने देत असाल तर ती परिवहन वाहनात येते. आरसीवर अजून प्रवासी किंवा मालवाहू व्हॅन असेल आणि आत बेड, सिंक, गॅस बसवलेला असेल, तर इंजिन बघायला आलेला निरीक्षक तेही बघणारच. आधी वर्ग नीट करा, मग इंजिनाकडे वळा.

अर्जासोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा ठेवा. कर थकलेला नको, दंडाची चलनं भरलेली असू द्यात. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सरची लेखी संमती लागते. नव्या इंजिनाच्या जीएसटी बिलावर इंजिन क्रमांक छापलेला हवा. "एक इंजिन, जुने" एवढंच लिहिलेल्या भंगारवाल्याच्या पावतीवर काम होत नाही. वापरलेलं इंजिन असेल तर ते ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत आणि नोंदणी रद्द झाल्याचा किंवा अधिकृत स्क्रॅप केंद्राचा दाखला मागून घ्या. इंजिन चोरीच्या गाडीचं नाही, हे दाखवायची जबाबदारी शेवटी तुमच्यावरच येते. हा कागद मिळत नसेल तर इंजिन कितीही छान वाजत असलं तरी सोडून द्या.

परवानगी मिळाल्यावर काम करा आणि पूर्ण झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, तुम्ही राहता त्या हद्दीतल्या आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्या. त्यासाठी ठरलेलं शुल्क भरावं लागतं आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. इंजिन क्रमांकाची पेन्सिल प्रिंट (कागदावर पेन्सिलीने घासून उमटवलेला ठसा) मात्र इंजिन चेन पुलीवर लटकत असतानाच घ्या. बऱ्याच व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या दोन सीटच्या मध्ये, कव्हरखाली असतं. एकदा बसलं की क्रमांकाची बाजू चॅसीकडे जाऊ शकते, मग तिथे ना हात पोहोचतो ना टॉर्च. डिझेलच्या फडक्याने ग्रीस पुसा, तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवा, पातळ कागद दाबून धरा आणि पेन्सिल आडवी चालवा. क्रमांकावर ग्राइंडर लावू देऊ नका. एक आकडा जरी पुसट झाला तरी छेडछाडीचा संशय येतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. ती तारीख जवळ आली असेल तर इंजिनाची नोंद आधी पूर्ण करा, कारण नूतनीकरणाच्या तपासणीत क्रमांक जुळला नाही की गाडी तिथेच अडकते. नवी आरसी हातात आली की विमा कंपनीकडून पॉलिसीवरही नवा क्रमांक चढवून घ्या. आणि काढलेला जुना ब्लॉक भंगारात देताना त्याचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या. तो ब्लॉक उद्या दुसऱ्या कुठल्या गाडीत सापडला, तर चौकशी तुमच्याच दारी येईल.