हलगीचा ठेका आणि थकलेलं अंग

गणपती महिन्यावर आले की सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळी दोन आवाज एकमेकांत मिसळतात. एक यंत्रमागांचा खडखडाट, दुसरा हलगीचा कडकडाट. दिवसभर मागापुढे उभी राहिलेली पोरं घरी जाऊन हातपाय धुतात आणि लेझीमच्या सरावाला येतात. पोटऱ्या भरून आलेल्या असतात, तरी शिट्टी वाजली की चार आवाज, पवित्रा, आगे फलांग असे डाव तासभर चालतात. घरी परतताना त्यांचे चेहरे येतानापेक्षा ताजे दिसतात. थकलेल्या अंगाला आणखी थकवून माणूस ताजा कसा होतो, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे.

सुरुवात कानापासून होते. ठेका ऐकताना आपण अगदी स्थिर बसलो असलो तरी मेंदूत हालचालींचं नियोजन करणारे भाग जागे होतात. पाय आपोआप ताल धरू लागतो तो त्यामुळेच. ही ओढ शिकवावी लागत नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला होता. मधलाच मुख्य ठोका गाळला, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरींनी तो चुकल्याची नोंद घेतली. पार्किन्सनच्या रुग्णांचं पाऊल चालताना अडखळतं, त्यांना ठरावीक ठोक्याच्या साथीवर चालवलं की अनेकांची चाल सुधारते, तीही ठेका आणि हालचाल यांच्यातल्या याच नात्यामुळे.

पण ताजेपणाचं गुपित मला वाटतं पुढच्या प्रयोगात आहे. 2015 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलामुलींचे छोटे गट केले. काहींनी उभं राहून जोरात नाचायचं, काहींनी बसून नुसते हात हलवायचे. काही गटांत सगळ्यांच्या हालचाली एकसारख्या, तर काहींत प्रत्येकाच्या वेगळ्या. आधी आणि नंतर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर आवळत नेऊन कळ कुठवर सोसते ते पाहिलं. दमवणाऱ्या नाचाने सोसण्याची ताकद वाढली, हे अपेक्षितच होतं. पण एकसारखं हलण्यानेही ती वेगळी वाढली, आणि सोबतच्यांविषयी जवळीकही. यामागे शरीर स्वतःच तयार करतं ती एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्यं असावीत, असा संशोधकांचा कयास आहे. म्हणजे पन्नास लेझीम एका क्षणी खणकन वाजतात, तेव्हा आनंद होतो तो नुसत्या घामाचा नसतो, तर शेजारच्याशी जुळल्याचाही असतो.

मनाच्या उदासीबाबतही आशा वाटावी असे आकडे आहेत. नैराश्य आणि व्यायाम यांवरच्या 218 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2024 मध्ये आला. त्यात नाचाचा परिणाम चालण्यापेक्षाही मोठा दिसला. मात्र नाचावरच्या चाचण्या त्यात जेमतेम पाच आणि माणसं शंभराच्या आसपास होती. म्हणून चालू असलेली औषधं थांबवून नाचायला लागा, असं मी कुणालाही सांगणार नाही. न्यूयॉर्कमध्ये 75 वर्षांवरच्या 469 जणांवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं होतं. 2003 साली आलेल्या त्या अभ्यासात, शारीरिक हालचालींपैकी फक्त नाचणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. अर्थात ज्यांचा मेंदू आधीच तल्लख होता, तेच नाचत राहिले, असंही असू शकतं.

एका गोष्टीची मात्र मला मनापासून काळजी वाटते, ती म्हणजे मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती. कानांना 85 डेसिबल आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो असं धरलं जातं, पण पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात फक्त 15 मिनिटं. ताल धरायला एवढ्या आवाजाची मुळीच गरज नसते. जवळून कडकडणाऱ्या हलगीपासूनही लहान बाळांना चार हात लांबच ठेवावं.

गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी फलांगीच्या वाटेला जाऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावं. पण दिवसभर सुपापुढे मान घालून विड्या वळणाऱ्या आपल्या आयांचं, आज्यांचं काय? त्या बहुतेक वेळा दारात उभ्या राहून नुसत्या बघतात. ब्राझीलमधल्या त्या प्रयोगात बसून, फक्त हात एकसारखे हलवणाऱ्या मुलांचीही सोसण्याची ताकद वाढली होती. यंदा सरावाच्या कडेला चार खुर्च्या टाका आणि त्यांच्याही हातात लेझीम द्या.