वळचणीचं पाणी आढ्याकडे

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपण म्हणतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात मात्र ते हिवाळ्यात आढ्याच्या दिशेने चढतं. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये ११०.६ इंच, म्हणजे पावणेतीन मीटरहून जास्त बर्फ पडलं. तेव्हा कितीतरी घरांत छतातून पाणी ठिबकू लागलं. बाहेर पाऊस नव्हता, पारा शून्याखाली होता.

कोकणात गळती म्हणजे फुटलेलं कौल. पावसाआधी घर शाकारलं की झालं. म्हणून अमेरिकेत राहणारा मराठी माणूसही आधी छपरावरच संशय घेतो. पण चोर घरातच असतो.

खोल्यांमधली ऊब माळ्यावर जाते आणि छप्पर आतून तापवते. वरचं भुसभुशीत बर्फ गोधडीसारखं काम करतं, त्यामुळे हवा उणे आठ अंशांवर असली तरी बर्फाचा तळ वितळू लागतो. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात. त्या पुरवते घर तापवणारी तुमची भट्टी, तुमच्याच बिलावर. हे पाणी उतारावरून वळचणीशी येतं. वळचण भिंतीच्या बाहेर असल्याने तिच्याखाली ऊब नसते. तिथे पाणी पुन्हा गोठतं आणि कडेला बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी या बांधाला अडून तुंबतं आणि मागे सरकत छपरावरच्या डांबरी पत्र्यांखाली (शिंगल्सखाली) शिरतं. हे पत्रे एकमेकांवर चढवलेले असतात, ते वाहतं पाणी परतवतात, तुंबलेलं नाही.

वळचणीला लटकणारे बर्फाचे लांब सुळके फोटोत फार सुंदर दिसतात. बहुतेकदा ती माळा तापल्याची खूण असते.

म्हणजे माळा गारच हवा. दिव्यांच्या खाचा, पाइपांभोवतीची भोकं, माळ्याची झडप अशा ठिकाणच्या फटी आधी बुजवायच्या, मगच उष्णतारोधक थर जाड करायचा. उलट क्रमाने केलं तर गरम हवा त्या थरातूनही वर निसटते. वळचणीखालच्या जाळ्या या थराने झाकू नयेत. तिथून आत आलेली थंड हवा आढ्याजवळून बाहेर पडली की छप्पर गार राहतं. बर्फ ओढायचं ते लांब दांड्याच्या फावड्याने, जमिनीवर उभं राहून. हातोड्याने बांध फोडायला गेलात तर आधी पत्रे फुटतील.

कधी कधी छपरावर बर्फ नसतानाही गळती होते. २१ अंशांच्या घरात ४० टक्के आर्द्रता असली, तर ती हवा सुमारे ७ अंशांच्या पृष्ठभागावर दव सोडते. माळ्यावरचे खिळे त्याहून कितीतरी थंड असतात. न्हाणीघराचा पंखा वाफ माळ्यातच सोडत असेल (हे फार घरांत आढळतं), तर खिळ्यांच्या टोकांवर रात्रभर हिमकण साचतात आणि ऊन आलं की टपटप गळतात. अशा वेळी छपरावर माणूस चढवण्याआधी टॉर्च घेऊन माळ्यावर जावं आणि त्या पंख्याची नळी कुठे संपते ते पाहावं.