मातीचे सात मजले आणि परभणीतले चाऊस

परभणी-नांदेडकडे शाळा झाली असेल तर वर्गात एखादा चाऊस आडनावाचा पोरगा नक्की असणार. हे लोक मूळचे कुठले, तर येमेनच्या पूर्वेकडच्या हद्रामौतमधले. आणि ते घर सोडून एवढ्या लांब का आले याचं निम्मं उत्तर तिथल्या भूगोलातच आहे.

नकाशात बघा, अरबी समुद्राचा किनारा, तिथून आत गेलं की चुनखडीचं उघडंबोडकं पठार, त्याला तिथं जोल म्हणतात, आणि त्या पठारात खोल चिरलेली वादी हद्रामौत, वादी म्हणजे दरी. दोन्ही बाजूंना सुमारे ३०० मीटरचे उभे कडे. गंमत म्हणजे ही दरी उलटी आहे, वरच्या अंगाला रुंद आणि समुद्राकडे जाताना अरुंद. पाऊस वर्षाला १०० मिलिमीटरसुद्धा नाही, पण पठारावर एक जोराची सर आली की सगळं पाणी धाडकन खाली येतं, त्याला सैल म्हणतात. बांध घालून तेच पाणी शेतात फिरवायचं, त्यावर खजूर आणि ज्वारी. जवळच्या वादी दोआनमधला मध जगात भारी समजतात, तो सिद्रच्या झाडाचा, म्हणजे आपल्या बोरीची चुलत बहीणच!

आता एवढी कमी ओली जमीन असेल तर तिच्यावर घरं पसरून कोण बांधेल? म्हणून याच दरीतल्या शिबाम गावात कच्च्या विटांची पाच-सहा-सात मजली, काही त्याहून उंच, अशी शेकडो घरं एकाला एक चिकटून उभी आहेत. विटा म्हणजे माती, पाणी आणि भुस्सा, उन्हात वाळवलेल्या, भट्टी नाहीच. भिंत खाली जाड आणि वर निमुळती, तळमजल्यावर धान्य, माणसं वरती, आणि गच्चीला चुन्याचा लेप, कारण तो गेला की पावसात माती विरघळायला लागते. म्हणजे डागडुजी कायमचीच. १५३२च्या पुरानंतर गाव बरंचसं नव्यानं बांधलं, १९८२ला युनेस्कोच्या यादीत आलं, आणि २००८च्या ऑक्टोबरात परत पूर आला.

अशी दरी सगळ्यांना पोसू शकत नाही, म्हणून पोरं बाहेर पडायची. कुणी जावा, कुणी सिंगापूर, कुणी पूर्व आफ्रिका, आणि पुष्कळ जण निजामाच्या फौजेत. चाऊस हा शब्द तुर्की लष्करी हुद्द्यावरून आलाय. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाकडेच होता, त्यामुळे ते इकडेही स्थिरावले.

मला सगळ्यात भन्नाट वाटतो तो उमर बिन अवद अल-कुऐती. हद्रामौतचा माणूस, हैदराबादेत जमादार म्हणजे निजामाच्या फौजेतला सरदार झाला, बक्कळ पैसा केला, आणि त्या पैशावर त्याच्या घराण्यानं तिकडे चक्क राज्य उभं केलं, जे १९६७पर्यंत टिकलं! सुलतान हद्रामौतचे, पण जमादारी हैदराबादची आणि मुक्कामही बऱ्याचदा तिथंच. हैदराबादचं बरकस, म्हणजे बॅरेक्सचा अपभ्रंश, ही याच शिपायांची वस्ती, आणि सकाळी लवकर गेलात तर तिथं गरम हरीस, म्हणजे गहू आणि मटण एकत्र शिजवून घोटलेला पदार्थ, आजही मिळते.